छोट्या टाकीत मासे किती? मे महिन्यातली दुपार समोर ठेवून ठरवा

आमच्या खालच्या मजल्यावर नववीतली एक मुलगी राहते. मागच्या जानेवारीत तिला वाढदिवसाला दोन फुटी काचेची टाकी मिळाली. टाकी आली त्याच संध्याकाळी ती वर आली. "काकू, उद्या मासे आणायला जायचंय. किती आणू?" मी म्हटलं, "उद्या नाही गं. महिना-दीड महिन्याने. आणि किती, ते तोवर आपण दोघी मिळून ठरवू." तिचा चेहरा पडला, पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. खाली जे लिहिलं आहे ते बहुतेक त्या वहीतलंच आहे.

अठरा वर्षांपूर्वी मला असं थांबवणारं कोणी नव्हतं. इंदुरात, सुदामा नगरातल्या घरात टाकी मांडली आणि पहिल्याच दिवशी चौदा मासे आणले. चार गोल्डफिश, सहा मॉली, दोन एंजल आणि काळे-चंदेरी दोन 'शार्क'. दुकानात सांगितलं होतं, टाकी मोठी आहे, आरामात राहतील. सहाव्या दिवशी तीन उरले. पाणी तर अगदी नितळ होतं, त्यामुळे काय झालं ते कळेचना. मला वाटलं, रोग आला. रोग नव्हता. त्यांच्याच शरीरातून निघालेल्या अमोनियाने ते गेले, आणि अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते. टाकीत किती मासे राहतील हे टाकीच्या चांगल्या दिवसावरून ठरवायचं नाही, सगळ्यात वाईट दिवसावरून ठरवायचं. इंदुरात तो दिवस मे महिन्यात येतो. बाहेर बेचाळीस अंश, बंद घरात टाकीचं पाणी तेहतीसवर, वीज गेलेली, फिल्टर आणि हवेचा पंप दोन्ही बंद, आणि घरचे सगळे लग्नाला गेलेले. त्या दुपारी जेवढे मासे तग धरतील, तेवढेच तुमच्या टाकीचे मासे.

पायरी पहिली: पाणी बादलीने मोजा

दुकानात टाकी फुटांत सांगतात: दीड फुटी, दोन फुटी. तिचे लिटर काढायचे तर लांबी, रुंदी आणि उंची इंचांत गुणा आणि ६१ ने भागा. माप सेंटीमीटरमध्ये असेल तर १००० ने भागा. २४ × १२ × १२ इंचांची टाकी या हिशोबाने साधारण ५७ लिटरची होते.

पण हे झालं रिकाम्या खोक्याचं माप. खाली दीड-दोन इंच वाळू येते, वर दीड-दोन इंच जागा सोडावी लागते, काचेची जाडी जाते, दगड आणि लाकूड आपली जागा घेतात. म्हणून वाळू-दगड सगळं मांडून झाल्यावर दहा लिटरच्या बादलीने पाणी भरा आणि बादल्या मोजा. खालच्या मुलीच्या टाकीत चार बादल्या मावल्या. ५७ चे ४० झाले. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यात '४० लिटर' लिहिलं, आणि पुढचा सगळा हिशोब त्याच आकड्यावर केला.

टाकीचा आकारही बघा. पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो वरच्या पृष्ठभागातून. त्यामुळे तेवढ्याच लिटरच्या उंच, अरुंद टाकीपेक्षा लांब आणि बसकी टाकी कितीतरी चांगली. चार-पाच लिटरच्या गोल बाउलमध्ये मात्र मासा ठेवूच नका, एकही. वरती तोंड निमुळतं, आत फिल्टरला जागा नाही, आणि एवढंसं पाणी एका दुपारीत तापतं.

पायरी दुसरी: पाणी कुठलं आहे ते ओळखा

इंदुरात घराघरांत पाणी तीन तऱ्हांनी येतं. एक नर्मदा. जलूदजवळ उचलून, माळव्याचं पठार चढवून आणलेलं, शुद्ध करून क्लोरीन घातलेलं. दुसरं बोरिंग, आणि तिसरा टँकर, ज्यात कधी काय येईल याचा नेम नसतो. "नर्मदा आली का?" असं आपण रोज विचारतो, तेच टाकीसाठीही विचारायचं, कारण टाकीत एकदा एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरंच पाणी गेलं तर मासे बेजार होतात.

नर्मदेचं पाणी थेट नळातून टाकीत घालू नका. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं आणि फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, जमलं तर त्यात हवेचा पंप सोडा. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन मिळतं, त्याचे मोजून थेंब घाला. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा मी दोन्ही करते.

बोरिंगमध्ये क्लोरीन नसतं, पण काळ्या पाषाणातून आलेलं ते पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो तो याचाच. आमच्या बोरिंगचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा, मी मोजला तर ७.८ आला. मासे किती ठेवायचे याच्याशी या आकड्याचा थेट संबंध आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक त्यामानाने सौम्य. पाणी २५ अंश आणि पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा अर्ध्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग शेकडा पाचच्या वर जातो. म्हणजे तेवढेच मासे, तेवढंच खाणं, तेवढीच घाण, पण पीएच ८ च्या पाण्यात विष जवळजवळ दसपट. पाणी तापलं की आणखी वाढतं. मऊ पाण्याच्या गावात जी संख्या खपून जाते ती आपल्याकडे खपत नाही, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण ऑक्सिजन. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलीग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन विरघळतो, तेहतीस अंशांना सात-सव्वासात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे आणखी थोडा कमीच. आणि नेमका उन्हात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, कारण तापलेल्या पाण्यात त्याचं शरीर जास्त वेगाने चालतं. मिळकत घटते आणि खर्च वाढतो, दोन्ही एकाच दुपारी.

पायरी तिसरी: मासा दुकानातला नाही, पूर्ण वाढलेला मोजा

नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. दुकानात जवळजवळ सगळे मासे पिल्लं असतात. बोटाच्या पेराएवढे दिसतात म्हणून आपण दहा-बारा उचलतो.

गोल्डफिश घ्या. दुकानात चार सेंटीमीटरचा. नीट ठेवला तर फुगीर, शोभेच्या जाती पंधरा-वीस सेंटीमीटर होतात, साधा लांब गोल्डफिश त्याहूनही मोठा. माझ्याकडे 'शार्क' म्हणून आलेले ते शार्क नव्हतेच, पंगस जातीचे मासे होते. ते एक मीटरच्या वर वाढतात, आपण जेवणाच्या ताटात बघतो त्यातलेच. काच साफ करतो म्हणून जो सकर देतात तो फुटाच्या पुढे जातो, आणि काच साफ करण्यापेक्षा स्वतःची विष्ठा जास्त टाकतो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न फूटभर होतात. एंजल लांबीला पंधरा सेंटीमीटर, उंचीला त्याहून जास्त, म्हणजे बारा इंच उंचीच्या टाकीत वाळू आणि वरची जागा सोडून त्याला नीट उभंही राहता येत नाही. ही सगळी नावं दोन फुटी टाकीसाठी यादीतून खोडून टाका. मन मोठं करून खोडा. लहान टाकीत मासा 'टाकीपुरताच वाढतो' असं सांगतात त्यावर जाऊ नका. तो खुरटतो, आणि खुरटलेला मासा आजारी मासा असतो.

लांबीवर मोजण्यात एक धोका आहे, तोही समजून घ्या. मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने दुप्पट होत नाही, आठपट होतो, कारण तो लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीकडे वाढतो. पंधरा सेंटीमीटरचा एक मासा म्हणजे त्याच ठेवणीचे तीन सेंटीमीटरचे पाच मासे नव्हेत, सव्वाशे. मुलीने वहीत हा गुणाकार दोनदा करून पाहिला, पाच गुणिले पाच गुणिले पाच, आणि गोल्डफिशच्या नावावर स्वतःहून रेघ मारली.

छोट्या टाकीला चालणारे मासे तरीही पुष्कळ आहेत. नर गप्पी तीन-साडेतीन सेंटीमीटर. झेब्रा डॅनिओ चार-पाच, आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला, चपळ आणि काटक. हनी गुरामी साडेचार-पाच. प्लॅटी पाच-सहा. फायटर सहा-सात, आणि तो एकटाच. निऑन टेट्रा तीन सेंटीमीटरचाच असला तरी मऊ, किंचित आम्ल पाण्याचा मासा आहे. आपल्या बोरिंगच्या पाण्यात नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पायरी चौथी: बेरीज करा

जुना ठोकताळा एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, एक इंच मासा असा आहे. त्याने चाळीस लिटरला साडेदहा इंच, म्हणजे सव्वीस-सत्तावीस सेंटीमीटर येतात. मी इंदूरसाठी हात आखडता घेते. दोन लिटरला एक सेंटीमीटर, शेपटी सोडून, पूर्ण वाढीच्या लांबीने. आणि हे फक्त सात सेंटीमीटरपेक्षा लहान, सडपातळ माशांसाठी. त्याहून मोठ्या माशाला ही बेरीज लागूच होत नाही, कारण वर सांगितलेला घनाचा हिशोब.

चाळीस लिटर म्हणजे वीस सेंटीमीटर. त्यात सहा नर गप्पी बसतात, अठरा सेंटीमीटर. किंवा चार हनी गुरामी. पाच झेब्रा डॅनिओ बसतात, पण तो थव्याचा मासा आहे, सहाच्या खाली ठेवला तर एकमेकांना बोचकत राहतो. सहा ठेवले तर बेरीज चोवीसवर जाते. मी तिथे सहाला होकार देते, कारण थवा मोडण्यापेक्षा आठवड्याला अर्धी बादली पाणी जास्त बदलणं बरं. पण मग टाकीत दुसरं काही नाही.

"काकू, एवढ्या मोठ्या टाकीत सहाच? रिकामी दिसेल." हा प्रश्न येणारच. रिकामी दिसते ती माशांमुळे नाही, लपायला जागा नसल्यामुळे. मागे हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया दाट लावा, एक लाकूड तिरकं टाका. सहा गप्पी झाडाआडून एकेक करून बाहेर येतात आणि मान फिरवून पुन्हा आत जातात, तेव्हा डोळा त्यांच्यामागे जातो. चौदा मासे उघड्या पाण्यात नुसते घिरट्या घालत असतात, तेव्हा दोन मिनिटांत आपण दुसरीकडे बघू लागतो.

पायरी पाचवी: कोण कोणासोबत

दोन नर फायटर एकत्र कधीच नाहीत. फायटरसोबत लांब शेपटीचे गप्पीही नकोत. टायगर बार्ब दिसायला सुंदर, पण दुसऱ्यांचे पर कुरतडतो.

गप्पी, मॉली, प्लॅटी हे पिल्लं देणारे मासे. नर-मादी एकत्र ठेवलेत तर तुम्ही केलेली बेरीज तीन महिन्यांत कागदावरच राहते. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस किंवा जास्तही पिल्लं देते, आणि नर काढून घेतला तरी साठवलेल्या शुक्राणूंवर पुढचे काही महिने देत राहते. म्हणून नुसते नरच घ्या. नर रंगीत, बारीक, आणि पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार. मादी फिकट, पोटाळ, आणि तिचा तो पर पंख्यासारखा. दुकानात जाळी लावण्याआधी काचेला नाक लावून हे बघून घ्या, दुकानदार वैतागला तरी.

पायरी सहावी: टाकी मुरू द्या

लोणचं घातलं त्याच दिवशी खात नाहीत. टाकीचंही तेच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका तऱ्हेचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात चालतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

तोवर टाकी माशांशिवाय चालवा. फिल्टर चोवीस तास चालू, आणि रोज माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात टाका, म्हणजे ती कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल. कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये घाला. मी खालच्या मुलीला माझा अर्धा स्पंज दिला, त्यामुळे तिचं काम साडेतीन आठवड्यांत झालं. टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडं दिसलं की टाकी मुरली. किटला पैसे पडतात हे खरं, पण हे एक किट घेतलंत तर मासे अंदाजाने मारावे लागत नाहीत.

पायरी सातवी: तीन-तीन करून आणा

ठरलेले सहा असतील तर पहिल्या दिवशी तीनच. जिवाणूंची वस्ती जेवढं खाणं मिळतं तेवढीच असते. एकदम दुप्पट मासे आले तर ती अपुरी पडते. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया तपासा. शून्य असेल तर दोन आठवड्यांनी उरलेले तीन आणा.

खाणं दिवसातून एकदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे पुढे येऊन तोंड वासतात म्हणून पुन्हा देऊ नका. पाणी खराब होतं ते माशांच्या संख्येइतकंच आपल्या हातानेही होतं. दिवाळीत तीन-चार दिवस गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगू नका. मोठे, निरोगी मासे तेवढे दिवस उपाशी सहज राहतात. प्रेमाने घातलेल्या मूठभर खाण्याने मात्र टाकी जाते.

पायरी आठवी: नायट्रेटची वही

बेरजेने तुम्हाला सुरुवातीचा आकडा मिळाला. तो बरोबर होता की नाही हे नायट्रेट सांगतं. दर रविवारी पाणी बदलण्याआधी नायट्रेट मोजा, बदलल्यावर पुन्हा मोजा आणि दोन्ही लिहा. एका बदलानंतरच्या आकड्यापासून पुढच्या बदलाआधीच्या आकड्यापर्यंत जेवढं चढलं, ती तुमच्या माशांची आठवड्याची घाण.

आता एक साधा भागाकार. आठवड्याची वाढ भागिले तुम्ही बदलता तो पाण्याचा हिस्सा, अधिक नळाच्या पाण्यातलं नायट्रेट. काही महिन्यांनी नायट्रेट या आकड्यापर्यंत चढून तिथेच थांबतं. समजा आठवड्याला लिटरमागे ५ मिलीग्रॅम वाढतं, तुम्ही पाव टाकी बदलता आणि नळाच्या पाण्यात काही नाही. ५ भागिले पाव म्हणजे २०, उत्तम. वाढ १० असेल तर ४०, ही काठावरची स्थिती. त्याच्या वर असेल तर मासे जास्त आहेत किंवा खाणं जास्त आहे. बोरिंगच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असू शकतं, म्हणून एकदा रिकाम्या बादलीतलं पाणीही तपासा. एका मैत्रिणीकडे नळातच २० निघालं. ती बिचारी वर्षभर आठवड्याला दोनदा पाणी बदलत होती, आणि आकडा हलत नव्हता.

मासे जास्त झाले असं दिसलं तर ते दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्या. तळ्यात सोडू नका. हे मी हात जोडून सांगते. सिरपूरचं तळं आणि यशवंतसागर ही दोन्ही पाणथळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आली. टाकीत न मावणारे सकर लोकांनी सोडले आणि ते देशातल्या कितीतरी पाण्यांत माजले आहेत. आपल्या दोन पाणथळांवर तीच पाळी येऊ नये.

शेवटची पायरी: दोन तासांची परीक्षा

ही एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात, सुट्टीच्या दुपारी करायची. टाकीसमोर बसा, दुसरं काम काढू नका. फिल्टर आणि हवेचा पंप बंद करा आणि घड्याळ लावा. पाण्याचं तापमान लिहा. मग माशांच्या तोंडाकडे आणि कल्ल्यांकडे बघत राहा. ऑक्सिजन कमी पडू लागला की कल्ले भरभर हलतात, मासे हळूहळू वर सरकतात, आणि शेवटी तोंड पृष्ठभागाला लावून तिरके लटकल्यासारखे उभे राहतात. पहिला मासा असा उभा राहिला की लगेच सगळं चालू करा, वेळ लिहा. फायटर आणि गुरामी एरवीही वर येऊन हवा घेतात, त्यामुळे त्यांच्यावरून अंदाज बांधू नका, त्यांचे कल्ले बघा.

तासाभराच्या आत मासे वर आले तर संख्या जास्त आहे, मग बेरीज काहीही सांगो. दोन तास निघाले तर वीज जाण्याइतकी सोय तुमच्या टाकीत आहे. तरी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. आणि टाकीत झाडं दाट असतील तर एकदा पहाटे, दिवा लावण्याआधी टॉर्चने बघा. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे तो सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी.

खालच्या मुलीने ही परीक्षा मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घेतली. पाणी ३२ अंश, सहा नर गप्पी. मी वरून सरबत घेऊन गेले तेव्हा ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, वही मांडीवर. एक तास पन्नास मिनिटं झाली होती. सहाही मासे मध्यावर, झाडांच्या सावलीत. दोन तास दहा मिनिटांनी एक नारंगी शेपटीचा वर सरकला, तिने झटकन स्विच लावला आणि वहीत वेळ लिहिली. मग म्हणाली, "काकू, अजून दोन आणू का?" मी काही बोलायच्या आत तिने मागची पानं उलटली, नायट्रेटचे आकडे पाहिले आणि वही मिटली.